दोन पाळणे

गेल्या पौषांत निफाडास एका आप्तांच्या घरीं बारशाला जाण्याचा योग आला. नाशिक जिल्ह्यांत थंडीचा विषय निघाला म्हणजे निफाडचें नांव पहिल्यानें निघतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांत २०१८ च्या डिसेंबरांत पारा दोन अंशांच्याही खालीं उतरला होता. आणि कडाक्याच्या रात्रीं द्राक्षाचे घड वांचविण्यासाठीं बागेंत शेकोट्या पेटवून जागत बसणें हें येथील बागाईतदारांस नवें नाहीं. आम्ही गेलों त्या दिवशीं थंडी इतकी कडक नव्हती. तरीही सकाळीं दहा वाजतां माजघराच्या खिडक्या लावलेल्याच होत्या, आणि आंत दोन पाळणे टांगलेले होते. एक घरचा, शिसवी, तीन पिढ्यांनीं वापरलेला. दुसरा शेजारच्या वाड्यांतून मागून आणलेला, त्याच्या कड्या थोड्या करकरत होत्या.

बारसें बाराव्या दिवशीं नव्हतें, एकेचाळिसाव्या दिवशीं होतें. पहिले तेवीस दिवस दोन्ही बाळें नाशिकास रुग्णालयांतील उबदार पेटींत होतीं, आणि त्यांची आई त्यांच्यापाशीं. घरांत मुलगा व मुलगी असें जुळें झालें, ही आनंदाची वार्ता आम्हांस पत्रानें कळली होती. त्या तेवीस दिवसांची हकीकत मात्र तेथें गेल्यावर कळली. ती ऐकल्यावर, आपल्या घरांतून जुळ्यांविषयीं जें बोललें जातें आणि जें बोललें जात नाहीं, त्याबद्दल चार शब्द लिहावेत असें वाटलें.

पाहुण्या बायका जमल्या, ओट्या मांडल्या, आणि घरच्या आजींनीं म्हणजे बाळांच्या पणजींनीं प्रश्न टाकला, “यांतलें थोरलें कोण, तें आधीं ठरवा. नांव पहिल्यानें कोणाचें घ्यायचें?” मुलगा आधीं जन्मला होता, मुलगी बारा मिनिटांनीं मागून. मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, “अहो आजी, ह्यांत ठरवायचें काय? तो आधीं आला, तो थोरला.” आजींनीं मान हालविली. त्यांच्या मतें जो गर्भ आधीं राहिला तो आंत खोल बसतो आणि शेवटीं बाहेर येतो, म्हणून मागून आली तीच थोरली!

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. आपल्या ग्रंथांतही त्याचा निकाल दोन प्रकारांनीं लागलेला दिसतो. भागवतांत दितीचे जुळे पुत्र हिरण्यकशिपु व हिरण्याक्ष यांची कथा आहे. त्यांत गर्भांत आधीं आला तो हिरण्यकशिपु आणि प्रसूतीच्या वेळीं आधीं बाहेर आला तो हिरण्याक्ष, असा भेद करून कश्यपांनीं नांवें ठेविलीं. मनुस्मृतीनें मात्र नवव्या अध्यायांत जुळ्यांचें ज्येष्ठत्व जन्माच्या क्रमावर ठरविलें. आजी भागवताच्या पक्षाच्या, आत्याबाई मनूच्या! आधुनिक वैद्यकास विचाराल तर तें दोन्ही पक्षांस निराश करील. गर्भाशयाच्या मुखाशीं जें मूल खालीं असेल तें आधीं येतें. आधीं रुजलें कोण याचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं. दोन वेगळ्या बीजांपासून होणारीं जुळीं बहुधा एकाच ऋतुकालांत राहतात, आणि एका बीजाचे दोन भाग होऊन होणाऱ्या जुळ्यांत तर ‘आधीं’ या शब्दाला अर्थच उरत नाहीं.

जुळीं कां होतात, याचें कुतूहल आपल्या वैद्यांनाही फार पूर्वींपासून होतें. चरक व सुश्रुत या दोघांनींही वायूमुळें बीजाचे भाग पडतात आणि त्यामुळें जुळीं होतात असें म्हटलें आहे. चरकांनीं आणखी एक गोष्ट हेरून ठेविली: भाग विषम पडले म्हणजे एक मूल पुष्ट व दुसरें कृश निपजतें. उपपत्ति आज कोणी मानणार नाहीं; पण निरीक्षण खरें आहे, आणि पुढें ज्या गोष्टीविषयीं आम्हांस मुख्यतः लिहावयाचें आहे तिचें तेंच मूळ आहे.

आज आपण जाणतों तें असें. जुळ्यांचे प्रकार दोन. एकाच महिन्यांत दोन बीजें सुटून दोन्ही फळलीं तर द्विबीज जुळीं होतात. तीं इतर भावंडांइतकींच एकमेकांसारखीं असतात. एकच फळलेलें बीज दुभंगलें तर एकबीज जुळीं होतात, आणि त्यांस ओळखतांना आईचीही कधीं कधीं गफलत होते. एकबीज जुळीं जगांत सर्वत्र जवळजवळ सारख्याच प्रमाणांत, म्हणजे अडीचशे प्रसूतींत एक या हिशेबानें होतात. द्विबीज जुळ्यांचें प्रमाण मात्र देशपरत्वें फार बदलतें. आफ्रिकेंत नायजेरियांतील योरुबा लोकांत हजार प्रसूतींमागें चाळिसाहून अधिक जुळीं होतात; आपल्याकडे एकंदर आठनऊच. केरळांतील कोडिन्ही गांवाला जुळ्यांचा गांव म्हणतात तें उगीच नव्हे, पण तेथें इतकीं जुळीं कां होतात याचा उलगडा अद्याप झालेला नाहीं. तिळीं याहून कितीतरी दुर्मिळ. आपोआप होणारीं तिळीं हजारों प्रसूतींत एखादे वेळीं दिसतात.

जोडकेळें खाल्लें म्हणजे जुळीं होतात, ही समजूत आमच्या लहानपणीं घरोघर होती, आणि निफाडच्या त्या माजघरांतही कोणी तरी तिचें स्मरण करून दिलें. केळें निरपराध आहे. आईचें वय तिशीच्या पुढें गेलेलें असणें, पूर्वीं मुलें झालेलीं असणें, आईच्या माहेरच्या घराण्यांत जुळीं असणें, या गोष्टींनीं द्विबीज जुळ्यांचा संभव वाढतो. पित्याच्या घराण्यांतील जुळ्यांचा परिणाम त्याच्या पत्नीच्या बाळंतपणांत दिसत नाहीं. दिसलाच तर त्याच्या मुलीच्या बाळंतपणांत दिसेल. “आमच्याकडे कधीं जुळीं नव्हतीं हो,” असें सासरच्या मंडळींनीं म्हणण्यांत म्हणूनच कांहीं हांशील नाहीं. अलीकडे वंध्यत्वावरील उपचारांनींही जुळ्यांची संख्या वाढली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं ६ ऑगस्ट १९८६ रोजीं शरीराबाहेर फलित केलेल्या बीजापासून मुलगी जन्मास आली. त्यापुढील काळांत यश हमखास यावें म्हणून एकाच वेळीं अनेक गर्भ ठेवण्याची रीत जगभर पडली, आणि जुळ्यातिळ्यांच्या हालअपेष्टा पाहून तीच रीत आतां आंखडती घेण्यांत येत आहे. होतां होईल तों एकच गर्भ ठेवावा, असा विचारी डॉक्टरांचा कल असतो. उपचार घेणाऱ्या दांपत्यांनीं “दोन झालीं तर एका खेपेंत काम झालें” असें म्हणण्यापूर्वीं पुढील मजकूर वाचावा, अशी विनंति आहे.

निफाडच्या सुनेला बाराव्या आठवड्यांत सोनोग्राफी केल्यावर दोन गर्भ आहेत असें कळलें. घरांत पेढे आले. डॉक्टरीणबाईंनीं मात्र पडद्यावर आणखी पांच मिनिटें पाहिलें आणि कागदावर एक ओळ अधिक लिहिली: दोघांना वार वेगळी. ही ओळ पेढ्यांहून महत्त्वाची होती, हें घरांत कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं. जुळीं हुबेहूब आहेत कीं नाहींत, हा कौतुकाचा प्रश्न जन्मानंतर विचारावा. जन्मापूर्वीं विचारावयाचा प्रश्न एकच, कीं वार एक आहे कीं दोन. हें अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें पुढें दिसत नाहीं. दोघांत मिळून वार एकच असेल तर तिच्यांतील रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. अशा दहा जोड्यांत एखाद्या जोडींत एका मुलाचें रक्त दुसऱ्याकडे वाहूं लागतें: एक वाळत जातें, दुसऱ्याच्या हृदयावर भार पडतो, आणि वेळींच हेरलें नाहीं तर दोघेही हातचीं जातात. म्हणून अशा गर्भिणीची सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनीं तपासणी करावी लागते. मोठ्या शहरांतून आतां दुर्बिणीच्या साहाय्यानें, लेसर किरणांनीं त्या जोडवाहिन्या बंद करण्याची शस्त्रक्रियाही होते. पण आधीं ती अवस्था कोणी पाहिली तर पाहिजे. पाणमोटही दोघांत एकच असेल तर नाळा एकमेकींत अडकण्याची भीति असते, आणि बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमारास शस्त्रक्रियेनें प्रसूति उरकावी लागते. त्याच पडद्यावर मुलगा कीं मुलगी हें विचारण्याचा मोह कोणास होत असेल, तर महाराष्ट्रानें १९८८ सालींच त्याविरुद्ध कायदा करून देशांत पहिलें पाऊल टाकलें, एवढें स्मरण पुरे आहे.

गर्भिणीस आपण ‘दोन जिवांची’ म्हणतों. ही तर तीन जिवांची! तिचें रक्त लवकर उणें पडतें, रक्तदाब चढण्याचा धोका दुपटीहून अधिक असतो, आणि पांचव्या महिन्यांतच तिला सातव्या महिन्याचा भार वाटूं लागतो. लोहाच्या गोळ्या न चुकतां घेणें, डाळी, दूध, ताक, शेंगदाणे, नाचणी, पालेभाजी हें दोन वेळच्या जेवणांत न मावलें तर पांच वेळां थोडें थोडें खाणें, आणि डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी किंवा पायांबरोबर चेहऱ्यावर सूज दिसतांच तत्काळ रक्तदाब पाहणें, या गोष्टी साध्या आहेत, पण त्यांतील एकही पुढच्या आठवड्यावर ढकलण्यासारखी नाहीं. जुळीं आहेत म्हणून सुनेला महिनोन् महिने खाटेवर निजवून ठेवण्याची रीत मात्र सोडावी. त्यानें मुलें अधिक दिवस आंत राहतात असें आढळलेलें नाहीं. बाईच्या अंगांतील बळ मात्र जातें. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी रुग्णालयांतून गर्भिणींची मोफत तपासणी होते. सुशिक्षित कुटुंबांस तेथें जाण्याचा संकोच वाटतो. तो कां वाटावा हें आम्हांस समजत नाहीं.

एक गोष्ट डोहाळजेवणाची. सातवा महिना लागला, मग सोयीचा वार पाहिला, मग नणंदेस मुंबईहून येण्यास जमेना, असें करीत आपल्याकडे तें आठव्यांत जातें, आणि मग पहिलटकरीण माहेरीं निघते. जुळ्यांना हा हिशेब ठाऊक नसतो. निम्म्याहून अधिक जुळीं सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वींच जन्मतात. कौतुक करावयाचें तें सहाव्यांतच करावें. माहेरीं जावयाचें तर तेंही तेव्हांच जावें. आणि माहेर कोठें आहे यापेक्षां माहेराजवळ कमी दिवसांच्या अर्भकांस ठेवण्याची सोय कोठें आहे, याची चौकशी आधीं करावी. निफाडहून नाशिक सुमारें चाळीस किलोमीटर. नकाशावर हें अंतर कांहींच नव्हे. परंतु कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली असतांना, मध्यरात्रीं, कळा चालू असलेल्या बाईला घेऊन तें किती लांबतें हें त्या घरच्या मंडळींनीं अनुभविलें. सूनबाईंस चौतिसाव्या आठवड्यांत रात्रीं दीड वाजतां कळा सुरू झाल्या. सुदैवानें यजमानांनीं कोठें जावयाचें तें महिनाभर आधींच ठरविलें होतें. रक्तगट लिहिलेला कागद उशाशीं होता, आणि रक्त देणारे दोघे चुलतभाऊ ठरलेले होते. १०८ क्रमांकास कळवितांच रुग्णवाहिका आली. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया, रक्त व नेआण या सर्वांचा खर्च २०११ पासून सरकार सोसतें, हेंही अनेकांस ठाऊक नसतें. मुलें इतक्या आधीं येणार अशी लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे त्यांचीं फुफ्फुसें परिपक्व व्हावींत म्हणून आईस इंजेक्शनें देतात. तीं द्यावयास वेळ मिळाला तर कमी दिवसांच्या मुलांचा श्वास वांचतो. घरीं वाट पाहत काढलेला प्रत्येक तास त्या वेळांतून वजा होतो.

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी. निफाड हें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें जन्मस्थान. १८ जानेवारी १८४२ हा त्यांचा जन्मदिवस, म्हणजे दिवस याच थंडीचे. त्या काळीं बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, शेगडी आणि सुईण, मग घर कारकुनाचें असो वा जहागिरदाराचें. त्याच न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई यांनीं पुण्यास १९०९ सालीं सेवासदन स्थापिलें, आणि आपल्या वर्गांतील स्त्रियांस, त्यांतही विधवांस, ससून रुग्णालयांत परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण घेण्यास पाठविलें. बाळंतिणीस हात लावणें हें हलकें काम, अशी ज्या समाजाची दृढ समजूत त्याच समाजांतील मुली हें काम शिकल्या. त्यापूर्वीं आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत १८८६ सालीं डॉक्टरीची पदवी घेतली तेव्हां प्रबंधासाठीं विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलेलें पाहिलेल्या त्या बाईनें हा विषय कां घेतला असेल, हें निराळें सांगावयास नको. आज चाळीस किलोमीटरांवर शिकलेली परिचारिका आहे याचें आपणांस कांहीं वाटत नाहीं; ती तेथें आपोआप आलेली नाहीं.

प्रसूतीविषयीं सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न शस्त्रक्रियेचा. जुळीं म्हटलीं कीं पोट फाडावेंच लागतें, असा समज रूढ आहे. २०१३ सालीं अनेक देशांतील सुमारें २,८०० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या मुलाचें डोकें खालीं असेल तर आधींच ठरवून शस्त्रक्रिया केल्यानें मुलांचा धोका कमी होत नाहीं असें दिसून आलें. मात्र नैसर्गिक प्रसूति व्हावयाची ती सर्व सिद्धता असलेल्या ठिकाणींच. पहिलें मूल आल्यावर दुसऱ्यास एकाएकीं मोकळी जागा मिळते आणि तें आडवें फिरूं शकतें. त्यावेळीं हातांत कसब असलेली व्यक्ति व शेजारीं शस्त्रक्रियेची खोली हवी. दोन्ही मुलें आलीं म्हणजे घरची मंडळी बाहेर पेढे वांटावयास धांवतात, आणि आंत खरा धोका तेव्हांच सुरू होतो. दोघांच्या भारानें ताणलेलें गर्भाशय लवकर आंवळत नाहीं, आणि रक्त वाहत राहतें. आधीं ठरविलेले ते दोघे चुलतभाऊ याचसाठीं. निफाडच्या सूनबाईंस दोन बाटल्या रक्त लागलें; तें अर्ध्या तासांत मिळालें.

मुलगा अठराशे ग्रॅमांचा, मुलगी चवदाशेंची. चरकांनीं म्हटल्याप्रमाणें एक पुष्ट, एक कृश. अर्थात् पुष्ट तोही अशक्तच.

बारशाच्या दिवशीं दुपारीं जेवणें झाल्यावर आजी आमच्यापाशीं येऊन बसल्या. त्यांचें वय शहाऐंशी. त्या म्हणाल्या, “मलाही जुळीं झालीं होतीं, ठाऊक आहे का? साठ सालच्या पौषांत, याच घरांत, त्या पलीकडच्या खोलींत.” आम्हांस हें मुळींच ठाऊक नव्हतें. त्यांच्या मुलासही तें चाळिशी उलटल्यावर कळलें होतें. “पहिला मुलगा. तो रडला. मग सुईण म्हणाली, अजून एक आहे. मुलगी आली ती एवढीशी, ओंजळभर. रडली नाहीं, पण हात हालवीत होती. सासूबाई म्हणाल्या, ही कांहीं जगायची नाहीं, ह्याच्याकडे पाहा. तिला जुनेराच्या फडक्यांत घालून सुपांत ठेवली, कोपऱ्यांत. मी पडल्या पडल्या पाहत होतें. सकाळपर्यंत होती हो ती.” इतकें बोलून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, “कोणी वाईट नव्हतें. त्यांना वाटलें, एक तरी राहूं दे.”

आम्हीं ही हकीकत त्यांच्या अनुमतीनें लिहिली आहे. ही एका घराची गोष्ट नव्हे. जुळ्यांतील धाकटें, दुबळें, त्यांतून मुलगी असेल तर तिला देवावर सोडून दिलेलें आपल्या कितीतरी घरांत घडलें असेल. वंशावळींत त्याची नोंद सांपडत नाहीं. आणि ती मुलगी कशानें गेली? आज कोणतीही परिचारिका सांगेल कीं बहुधा थंडीनें. कमी दिवसांच्या अर्भकाच्या कातडीखालीं चरबी नसते. त्याची ऊब उघड्या अंगांतून भराभर निघून जाते. अंग गार पडलें कीं तें दूध ओढीत नाहीं, दूध न मिळाल्यानें आणखी गार पडतें, आणि श्वास थांबतो. निफाडच्या पौषांतील रात्र, खोलीच्या कोपऱ्यांतील सूप!

यावरचा उपाय इतका साधा आहे कीं तो सांगतांना वाचकांस खोटें वाटावें. दक्षिण अमेरिकेंत कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं १९७८ सालीं डॉ. एडगर रे यांस उबदार पेट्या पुरेनात. म्हणून त्यांनीं अर्भकांस आईच्या उघड्या छातीशीं, कातडीस कातडी लावून, उभें धरून फडक्यानें बांधावयास सांगितलें. कांगारू आपलें पिलूं पिशवींत बाळगतें, त्यावरून या रीतीस कांगारूमातेची शुश्रूषा असें नांव पडलें. पेट्या नाहींत म्हणून काढलेली ही युक्ति पुढें पेट्यांहूनही सरस ठरली. भारतासह पांच देशांतील रुग्णालयांत झालेला एक प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक ते एक दशांश आठ किलोच्या बाळांस जन्मल्याबरोबर, पेटीची वाट न पाहतां, असें धरल्यानें त्यांतील मृत्यूंचें प्रमाण चौथ्या हिश्शानें घटलें. आपल्या महाराष्ट्रांतील गडचिरोलीचें उदाहरण त्याहून जुनें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथील खेड्यांतल्याच स्त्रियांस अर्भकाची ऊब राखणें, दूध पाजणें, श्वास व जंतुबाधा ओळखणें हें शिकविलें. त्या स्त्रिया घरोघर जाऊं लागल्या, आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें तेथील नवजात मृत्यूंत बासष्ट टक्क्यांची घट झाली. तेथें ना मोठें रुग्णालय होतें ना फार पैसा.

निफाडच्या घरीं मुलें आलीं तेव्हां मुलगी सतराशे ग्रॅमांची होती. दोन बाळें, एक आई, आणि तीही रक्त गेलेली. तिनें दोघांस दिवसभर छातीशीं बांधून कसें ठेवावें? परिचारिकेनें सांगितलें, घरांतील कोणीही निरोगी माणूस चालेल. मुलाला बापानें घेतलें. बापानें सोयरांत असें मूल घेऊन बसावें, सदरा काढून, वर शाल पांघरून, ह्यावर थोडी कुजबुज झाली. पण ती टिकली नाहीं. मुलीला आजींनीं घेतलें. नऊवारीच्या पदराखालीं, पोलक्याची बटणें काढून, दुपारचे चार चार तास ती शहाऐंशी वर्षांची बाई पाठीशीं लोड घेऊन बसून राहत असे, आणि मूल मागावयास कोणी आलें तर “आतांच निजली आहे” म्हणून परत पाठवीत असे.

उबेसाठीं म्हणून शेगडीविषयीं एक सूचना. दारें-खिडक्या बंद करून आंत कोळशाची शेगडी ठेवणें अत्यंत घातक आहे. तिच्या विषारी वायूला वास नसतो. धुरीची वावडिंगें व ओवा यांचा सुगंध आम्हांसही प्रिय आहे, पण कोवळ्या फुफ्फुसांस धूर तो धूरच. रोजचें तेल-पाणीही बाळाचें वजन पुरेसें वाढेपर्यंत आवरावें, टोपी व पायमोजे मात्र उतरूं नयेत.

दुधाविषयीं घरोघर एकच शंका: एका आईचें दूध दोघांस पुरणार कसें? दूध मागणीप्रमाणें वाढतें. दोघें ओढूं लागलीं तर दोघांपुरतें येतें. अडचण दूध येण्याची नसून ओढण्याची असते. चवदाशे ग्रॅमांच्या बाळांत चोखण्याचें बळ नसतें; तोंवर आईनें दूध काढून वाटीचमच्यानें किंवा नळीनें द्यावें लागतें, रात्रीं सुद्धां, दर दोन-तीन तासांनीं. “धाकटीला वरचें द्या, म्हणजे थोरल्याला तरी पोटभर मिळेल,” हा सल्ला देणाऱ्या बायका निफाडासही भेटल्या. गणित उलटें आहे. दुबळ्यासच आईच्या दुधाची गरज अधिक. कांहीं कारणानें आईस दूध नसेलच तर दुसऱ्या मातांनीं दिलेलें, तपासून निर्जंतुक केलेलें दूध मिळूं शकतें. मुंबईच्या शीव रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं अशी दुग्धपेढी काढली. आशियांतील ती पहिली. उपमातेच्या दुधावर मूल वाढणें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतेंच, फक्त आतां तें बाटलींतून येतें.

बाळंतिणीविषयीं आम्ही थोडेंच लिहितों, कारण तिला काय हवें तें तिनें आम्हांस एका वाक्यांत सांगितलें: “सगळे बाळांना पाहायला येतात, मला झोंप कोणी देत नाहीं.” डिंकाचे व अळिवाचे लाडू घेऊन येणाऱ्यांनीं बसावयाचें तर एक बाळ मांडीवर घेऊन बसावें आणि आईस दोन तास निजूं द्यावें. एकास पाजून होतें तों दुसरें उठतें, असे ते दिवस. दोघांस एकाच वेळीं पाजण्याची संवय लावली तर रात्रींतून दीड तास वांचतो. जुळ्यांच्या आया प्रसूतीनंतर महिना-दोन महिने खिन्न राहतात, विनाकारण रडतात, हें पुष्कळदां दिसतें. दोन दोन मुलें देवानें दिलीं तरी हिचें तोंड कां उतरलें, असें म्हणणाऱ्यांनीं तिच्या जागीं एक रात्र काढून पाहावी. पंधरा दिवसांत मन सांवरलें नाहीं तर डॉक्टरांस सांगावें. त्यांत लाज कसली?

चार वाजतां पुनः सर्व मंडळी पाळण्यांपाशीं जमली. थोरल्या-धाकट्याचा वाद अजून मिटलेला नव्हता. यजमानांनीं जन्माचा दाखला काढून दाखविला. त्यांत मुलाची वेळ आधींची होती. आजींनीं तो चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला, आणि म्हणाल्या, “कागद तुमच्यापाशीं ठेवा. नांव आधीं हिचें घ्यायचें.” कोणी कांहीं बोललें नाहीं. आत्याबाईंनीं वाकून मुलीच्या कानांत नांव सांगितलें. मग मागून आणलेल्या पाळण्याकडे वळून मुलाच्या. मुलीनें जांभई दिली. आजींनीं खिडकी नीट लागली आहे कीं नाहीं तें हातानें चांचपून पाहिलें, आणि तिला पाळण्यांतून उचलून पदराखालीं घेतलें.